जुन्या बुलेटचा पॉइंट घरी सेट करायचाय? आधी गॅप, मग टायमिंग

माझी ९६ सालची स्टँडर्ड ३५०, पुण्याहून साताऱ्याला जाताना खंबाटकी घाटात दम टाकायला लागली. थर्डला ओढेना, सेकंडला टाकली तर सायलेन्सरमधून फट फट, आणि वर पोचेपर्यंत इंजिन इतकं तापलेलं की पाय जवळ ठेववेना. एका गॅरेजमध्ये कार्बोरेटर साफ करून घेतला, पंधरा दिवसांनी दुसऱ्या गॅरेजमध्ये परत तोच साफ करून घेतला, दोन्हीकडे पैसे दिले आणि गाडी तशीच. शेवटी आमच्या गल्लीतल्या एका म्हाताऱ्या मिस्त्री काकांनी पॉइंटची (प्लगच्या ठिणगीसाठी करंट जोडणारा-तोडणारा छोटा स्विच) टोपी काढली, फिलर गेजचं (गॅप मोजायच्या ठराविक जाडीच्या पात्यांचा जुडगा) एक पातं आत घालून बघितलं आणि म्हणाले, "अरे, हा उघडतोच कुठं? पापणी हलवल्यासारखं करतोय नुसता." पॉइंट उघडल्यावर पडणारा गॅप जेमतेम ०.१५ मिमी राहिला होता, हवा असतो ०.३५ ते ०.४०. काम दहा मिनिटांचं होतं. त्या दिवसापासून हे काम मी स्वतःच करतो, आणि ज्यांनी नुकतीच जुनी बुलेट घेतलीये त्यांनी पण स्वतः शिकावं असं मला वाटतं, कारण पॉइंट बघणारे मिस्त्री आता कमी होत चाललेत.

आधी एक गोष्ट बघा, तुमच्या गाडीला पॉइंट आहे का. हे सगळं जुन्या कास्ट आयर्न इंजिनच्या गाड्यांबद्दल आहे. यूसीई इंजिनच्या (इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच सांगाड्यात असलेल्या नव्या) बुलेटला पॉइंट नसतात, आणि जुन्या इंजिनवर पण बऱ्याच जणांनी नंतर इलेक्ट्रॉनिक किट बसवून घेतलेलं असतं. गाडीच्या उजव्या बाजूला, सिलेंडरच्या मागे, टायमिंग कव्हरच्या वर एक गोल डबी दिसेल, तिला क्लिप नाहीतर स्क्रू असतात. ती उघडा. आत मधोमध फिरणारा कॅम, त्याला टेकलेला फायबरचा तुकडा आणि दोन छोट्या चकत्या समोरासमोर दिसल्या म्हणजे पॉइंट आहे.

आता हे चालतं कसं ते दोन मिनिटं वाचा, नाहीतर पुढचं सगळं पाठांतर होईल. बॅटरीचा करंट कॉइलमधून येतो आणि पॉइंटच्या त्या दोन चकत्या चिकटलेल्या असल्या की बॉडीला जाऊन मिळतो, म्हणजे सर्किट पूर्ण. तेवढ्या वेळात कॉइलमधलं लोखंड चुंबक होऊन बसतं. कॅमचा उंचवटा आला की तो फायबरच्या टाचेला ढकलतो, चकत्या अलग होतात, करंट तुटतो, चुंबकपणा एकदम कोसळतो आणि त्या झटक्यात कॉइलच्या दुसऱ्या गुंडाळीत हजारो व्होल्ट तयार होऊन प्लगला ठिणगी पडते. म्हणजे ठिणगी पॉइंट उघडताना पडते, मिटताना नाही. हे डोक्यात पक्कं बसवा. कॅम इंजिनच्या निम्म्या वेगाने फिरतो, म्हणजे ३००० आरपीएमला पॉइंट मिनिटाला १५०० वेळा उघडझाप करतो. ही पद्धत अमेरिकेत चार्ल्स केटरिंगने १९१० च्या आसपास कॅडिलॅक गाड्यांसाठी बसवली आणि जगभरच्या बहुतेक पेट्रोल गाड्या पुढची साठ-सत्तर वर्षं त्याच्यावरच पळाल्या, तेव्हा त्याला जुनाट म्हणून हसू नका.

बाजूला एक छोटा नळकांड्यासारखा डबा असतो तो कंडेन्सर. चकत्या उघडताना करंटला तिथेच उडी मारायची असते, ती उडी कंडेन्सर गिळतो. तो गेला की पॉइंटवरच मोठ्या ठिणग्या उडतात, चकत्या काळ्यानिळ्या होतात आणि गाडी गरम झाली की बंद, अर्ध्या तासाने थंड झाली की चालू. हे लक्षण असेल तर गॅप कितीही सेट करा, उपयोग नाही, आधी कंडेन्सर बदला.

सामान फार लागत नाही. मिमीवाला फिलर गेज, चपटा स्क्रू ड्रायव्हर एक छोटा एक मध्यम, प्लग पाना, नटांचे पाने, ४०० नंबरचा पॉलिश पेपर, जुनं व्हिजिटिंग कार्ड, थोडं थिनर, थोडं ग्रीस आणि टायमिंगसाठी (ठिणगी नेमकी कधी पडते ते जुळवायला) सायकलचा एक स्पोक. फिलर गेजच्या जागी हॅकसॉ ब्लेड घालणारे खूप भेटतील. ब्लेड ०.६ मिमीच्या वर जाड असतं, आपल्याला ०.४० च्या आत पाहिजे, त्यामुळे त्या नादी लागू नका. गेज काही फार महाग येत नाही.

साफसफाई आणि तपासणी

गाडी डबल स्टँडवर, चावी बंद, प्लग काढून बाजूला. प्लग काढला की इंजिन हाताने फिरवणं एकदम सोपं होतं, गाडी चौथ्या गिअरला टाका आणि मागचं चाक पुढच्या दिशेने हळूहळू फिरवा, इंजिन फिरेल आणि कॅमही फिरेल. कॅम कुठल्या दिशेने फिरतोय ते आत्ताच बघून ठेवा, पुढे लागणार आहे. आणि काही खोलायच्या आधी मोबाइलवर दोन-तीन फोटो काढून ठेवा. मी पहिल्यांदा काढले नव्हते, त्याने काय झालं ते सांगतो पुढे.

चकत्या बोटाने उघडून टॉर्चच्या उजेडात बघा. राखाडी, सपाट दिसल्या तर छान. बऱ्याचदा एका चकतीवर छोटं टेंगूळ आणि समोरच्या चकतीवर तेवढाच खड्डा असतो, धातू एकीकडून निघून दुसरीकडे जमा होतो. असं असताना गेज घातला तर तो टेंगळावर टेकतो आणि तुम्हाला वाटतं गॅप बरोबर आहे, पण खरा गॅप त्याच्यापेक्षा जास्त असतो. टेंगूळ लहान असेल तर पॉलिश पेपरची घडी करून दोन-चार हात मारून सपाट करा, खड्डा मुळापासून घालवायच्या मागे लागू नका. मोठं असेल तर सरळ नवीन पॉइंट टाका. एमरी कापड वापरू नका, त्याचे कण चकतीत रुतून बसतात. घासून झालं की व्हिजिटिंग कार्डाची पट्टी थिनरमध्ये बुडवून चकत्यांच्या मधून ओढा, काळं येईल, मग कोरडी पट्टी ओढा, स्वच्छ येईपर्यंत. नवीन पॉइंटला पण हे करायचंच, त्याच्यावर गंज लागू नये म्हणून पातळ थर असतो, तो राहिला तर नवीन कोऱ्या पॉइंटवर गाडी चालू होत नाही आणि माणूस वेडा होतो.

कॅमला बोटांनी धरून इकडेतिकडे हलवून बघा. फिरायच्या दिशेने थोडा पिळला तर फिरला पाहिजे आणि सोडला की स्प्रिंगने आपोआप मागे आला पाहिजे, ते ऑटो ॲडव्हान्स आहे, आतली वजनं वेग वाढला की टायमिंग पुढे नेतात. मागे येत नसेल तर गंज-ग्रीस साफ करा, तसंच ठेवून टायमिंग सेट केलंत तर सगळं चुकणार. आणि कॅम बाजूला लडबडत असेल, म्हणजे शाफ्टलाच प्ले असेल, तर बुश गेलाय. तो बदलेपर्यंत गॅप रोज वेगळा येणार, त्यात तुमचा दोष नाही.

आता फोटोचं. पॉइंटची पत्ती, कॉइलकडून येणारी वायर आणि कंडेन्सरची वायर हे तिन्ही एकाच खिळीवर एकमेकांना चिकटलेले पाहिजेत, पण खिळी मात्र प्लेटला कुठेही टेकता कामा नये, म्हणून तिथे फायबरचे वॉशर असतात. मी पहिल्यांदा पॉइंट बदलला तेव्हा एक वॉशर बाहेर लावायच्या ऐवजी आत लावला. ठिणगी शून्य. दुपारभर कॉइल बदल, प्लग बदल, बॅटरी चार्ज कर, सगळं केलं, बायको चहा ठेवून गेली तो गार झाला, आणि चूक त्या शर्टाच्या बटणाएवढ्या वॉशरची.

याची परीक्षा सोपी आहे आणि बुलेटवर ती फुकट मिळते, हेडलाइटच्या वर जो अँपिअर मीटर आहे तोच वापरायचा. लाइट बंद, चावी चालू. चकत्या मिटलेल्या असल्या की काटा मायनसकडे झुकतो, बोटाने (किंवा लाकडी काडीने) उघडल्या की शून्यावर येतो. उघडल्यावरही काटा मायनसलाच राहिला तर कुठेतरी बॉडीला शॉर्ट आहे, वॉशर बघा. मिटल्यावरही शून्यावरच राहिला तर चकत्यांवर तेल-घाण आहे नाहीतर वायर तुटलीये. आणि चकत्या मिटलेल्या असताना चावी चालू ठेवून गप्पा मारत बसू नका, कॉइल तापते.

गॅप

मागचं चाक फिरवत फिरवत कॅमचा सगळ्यात उंच भाग बरोबर टाचेखाली आणा, म्हणजे चकत्या जास्तीत जास्त उघडलेल्या. इथे घाई करू नका, थोडं पुढे-मागे करून खरंच सगळ्यात जास्त उघडलंय का ते बघा. आता ०.३५ चं पातं पुसून आत घाला, तेलकट पातं घालाल तर तेल चकतीवर जाणार. सहज गेलं पाहिजे. ०.४० चं किंचित अडत, म्हणजे जाड पुस्तकाच्या मधून एखादा कागद ओढल्यावर जसा लागतो तेवढंच अडत गेलं पाहिजे. ०.४५ चं जाताच कामा नये.

नसेल बरोबर तर स्थिर चकतीच्या प्लेटचा लॉक स्क्रू सैल करा, पण पूर्ण नाही, प्लेट ढकलली तर सरकेल आणि सोडली तर जागेवर राहील इतपतच. मग खाचेत स्क्रू ड्रायव्हर घालून किंवा एक्सेंट्रिक स्क्रू असेल तर तो फिरवून प्लेट सरकवा, पातं घालून बघा, लॉक स्क्रू आवळा. आणि आवळल्यावर परत मोजा. नव्वद टक्के नवशिके इथे फसतात. स्क्रू आवळताना प्लेट केसभर सरकतेच, मला अजूनही दोन-तीनदा करावं लागतं. सवयीने कळतं की थोडं जास्त ठेवून आवळलं की बरोबर येतं.

टाचेच्या बाजूला कॅमवर ग्रीसचा अगदी छोटा ठिपका लावा, मोहरीएवढा. फेल्टचा तुकडा असेल तर त्याच्यावर तेलाचा एक थेंब. प्रेमाने जास्त लावू नका, वेगात ते उडून चकत्यांवर जातं आणि पंधरा दिवसात काळ्या.

आता ते आधी गॅप, मग टायमिंग का. टाच झिजली की गॅप कमी होतो आणि पॉइंट उशिरा उघडतो. ठिणगी उघडताना पडते हे वर सांगितलंय, म्हणजे ठिणगीही उशिरा, म्हणजे टायमिंग मागे गेलं. गॅप वाढवला की पॉइंट लवकर उघडतो, टायमिंग पुढे. गॅपला हात लावला की टायमिंग हललंच. म्हणून टायमिंग आधी सेट करून नंतर गॅपला हात लावला की केलेलं पाण्यात. उलट बाजूने बघितलं तर एक गोष्ट अशी की ज्या गाडीचं टायमिंग कोणी कधी हलवलेलंच नाही, तिचा नुसता गॅप बरोबर केला तर बहुतेक वेळा टायमिंग आपोआप जागेवर येतं. माझ्या घाटातल्या दुखण्याचं तेच झालं होतं. त्यामुळे गॅप करून आधी गाडी चालवून बघा, चांगली चालली तर पुढचं करायची गरज नाही, झाकण लावा आणि गप बसा.

टायमिंग

तरी करायचंच असेल, म्हणजे डिस्ट्रिब्युटर (ती पॉइंटची गोल डबी) कोणी काढून बसवलाय किंवा गाडी किकला उलटी मारतेय, तर पुढे वाचा. हिशोब असा आहे: ऑटो ॲडव्हान्स आराम स्थितीत असताना, पिस्टन वर टोकाला पोचायच्या ०.८ मिमी आधी पॉइंट उघडायला सुरुवात झाली पाहिजे. ९० मिमीच्या स्ट्रोकमध्ये ०.८ मिमी म्हणजे काहीच नाही, क्रँकच्या भाषेत साधारण नऊ-दहा अंश.

हे ०.८ मोजायचं कसं यावर प्रत्येकाची वेगळी पद्धत, मी काकांची सांगतो. एक जुना प्लग घ्यायचा, त्याचं पांढरं चिनीमातीचं फोडून काढायचं आणि खालचं वाकडं टोक कापायचं, नुसती आट्यांची नळी राहिली पाहिजे. त्यात एम-सील भरायचं, वाळलं की मधोमध स्पोक सुळकन जाईल एवढं भोक पाडायचं आणि आतला सगळा भुगा साफ करायचा. ही नळी प्लगच्या जागी हाताने आवळायची. भोकातून स्पोक आत सोडायचा, वाकडं टोक वर ठेवा म्हणजे आत पडायची भीती नाही. स्पोकवर सायकलच्या व्हॉल्व ट्यूबचा एक घट्ट तुकडा आधीच चढवून ठेवायचा, ती आपली कॉलर.

आधी कॉम्प्रेशनचा स्ट्रोक शोधा. नळी बसवायच्या आधी प्लगच्या भोकावर अंगठा धरा आणि चाक फिरवा, हवा अंगठा ढकलायला लागली की पिस्टन कॉम्प्रेशनला वर येतोय. हे महत्त्वाचं, कारण दर दोन फेऱ्यांत पिस्टन दोनदा वर येतो पण पॉइंट एकदाच उघडतो. पिस्टन वर आला तरी अँपिअर मीटरचा काटा हलेना असं झालं तर तुम्ही चुकीच्या फेरीत आहात, इंजिनची अजून एक पूर्ण फेरी फिरवा.

आता नळी लावून, स्पोक घालून पिस्टन अगदी वर आणा. टोकाला स्पोक क्षणभर थांबल्यासारखा वाटतो, चाक थोडं हललं तरी तो हलत नाही, त्या थांबलेल्या पट्ट्याच्या मधोमध थांबा. इथे फिलर गेजची ०.३५ आणि ०.४५ ही दोन पाती एकावर एक धरा, झाले ०.८०. ती एम-सीलच्या वर ठेवून त्यांना टेकेपर्यंत कॉलर खाली सरकवा आणि पाती काढून घ्या. आता चाक मागे फिरवा, चांगलं भरपूर मागे. स्पोक खाली जाईल आणि कॉलर एम-सीलवर टेकून तो तिथेच लटकून राहील. मग चाक हळूहळू पुढे. ज्या क्षणी कॉलर एम-सीलवरून उचलली जायला लागेल तो तुमचा ०.८ चा क्षण. पुढच्याच दिशेने यायचं, कारण गिअरच्या दातांत ढिलाई असते, मागून आलात तर चुकीचं दिसेल. स्पोक कुठे अडला तर जोर लावू नका, आणि तो आत असताना किकला पाय लावू नका.

एक बारीक गोष्ट, प्लग तिरका असल्यामुळे स्पोक पिस्टनपेक्षा जरा जास्त सरकतो, म्हणजे खरा आकडा ०.८ पेक्षा थोडा कमी येतो. टायमिंग किंचित मागच्या बाजूला राहतं. चालतं. पायाला ती बाजू बरी.

चाक तिथेच सोडा, चावी चालू, लाइट बंद. आता जी प्लेट किंवा डिस्ट्रिब्युटरची बॉडी लांबट खाचांवर फिरते तिचे स्क्रू किंवा नट थोडे सैल करा, त्याआधी जुन्या जागेवर खिळ्याने एक ओरखडा मारून ठेवा. कॅम ज्या दिशेने फिरतो त्याच दिशेने प्लेट थोडी फिरवली की पॉइंट मिटेल आणि काटा मायनसला जाईल. मग उलट दिशेने अगदी हळू आणा, काटा ज्या क्षणी शून्यावर पडेल तिथे थांबा आणि आवळा. आवळल्यावर परत एकदा चाक मागे, मग पुढे, कॉलर उचलायला आणि काटा पडायला एकच वेळ आली पाहिजे. काट्यावर विश्वास नसेल किंवा मीटर मेलेला असेल (बऱ्याच गाड्यांचा असतो) तर पतंगाच्या कागदाची पट्टी चकत्यांत धरा आणि हलकी ओढत राहा, सुटली की पॉइंट उघडला. उरलेला चिटोरा आत राहू देऊ नका.

पुढे कधी बारीक फेरफार करायचा असेल तर लक्षात ठेवा: प्लेट कॅमच्या दिशेने म्हणजे टायमिंग मागे, कॅमच्या उलट म्हणजे पुढे.

किक आणि चाचणी

प्लगचा गॅप ०.५ ते ०.६ ठेवून प्लग लावा, झाकण लावा, चिंधी-थिनर लांब ठेवा, गाडी न्यूट्रल. नवीन माणसाने किकची रीत पण शिकून घ्या: चावी चालू करून किक हळू दाबत न्या, कॉम्प्रेशनला अडली आणि काटा शून्यावर आला की डीकॉम्प (सिलेंडरमधला दाब सोडणारा लिव्हर) ओढून किक अजून थोडी पुढे सरकवा, डीकॉम्प सोडा, किक वर येऊ द्या आणि मग पूर्ण लांब एकच किक. नुसत्या ताकदीने हाणलेली अर्धी किक आणि पुढे गेलेलं टायमिंग एकत्र आलं की बुलेट पाय परत फेकते, आणि ते दुखणं पोटरीला आठवडाभर राहतं. चपला घालून हे करू नका.

किक उलटी मारतेय, आयडलिंग धडपडतंय, चढावर वरच्या गिअरमध्ये डब्यात खडे हलवल्यासारखा टिक टिक आवाज येतोय, तर टायमिंग पुढे आहे. गाडी सुस्त, इंजिन जास्त तापतंय, सायलेन्सरचा बेंड निळा पडतोय, थ्रॉटल सोडला की फटाके, तर मागे आहे, किंवा गॅप परत कमी झालाय, तो आधी बघा. फेरफार एका वेळी केसभरच, आणि दर वेळी त्याच एका चढावर चालवून बघायचं, नाहीतर तुलना कशाशी करणार. माझा चढ ठरलेला आहे, आमच्या कॉलनीच्या मागचा, थर्डला तीसने चढली तर पास.

रस्त्यात बंद पडली आणि गेज नसेल तर साधारण जाड व्हिजिटिंग कार्ड ०.३५-०.४० च्या जवळपास असतं, त्याच्यावर घरापर्यंत येता येतं. मी एक कार्ड टूलबॉक्सच्या झाकणाला चिकटवून ठेवलंय, आधी गेजच्या पात्यासोबत धरून तपासून.

नवीन पॉइंट टाकला असेल तर शंभर-दीडशे किलोमीटरनंतर गॅप परत मोजा. नवीन टाच कॅमवर बसताना सुरुवातीला पटकन झिजते, माझ्या मागच्या पॉइंटला ०.४० चं ०.३२ झालं होतं. नंतर एकदा बसली की बराच काळ हात लावावा लागत नाही.